साठ हजार रुपये, एक डी५६०० आणि लांब लेन्सचा शोध

पुण्यात पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद लागला की माणसाची वाट साधारण ठरलेली असते. आधी पाषाण तलाव नाहीतर वेताळ टेकडी, मग कवडीपाट, मग थंडीत भिगवण. भिगवणच्या एकदोन फेऱ्या झाल्या की "लेन्स कमी पडतेय" हे वाक्य येतंच. कोथरूडच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या ताईंचं प्रकरणही याच वाक्यापासून सुरू झालं. ओळखीतून त्यांचा फोन आला. प्रश्न एकच: "साठ हजारांत कुठली लेन्स घेऊ?"

सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण त्यांच्यासारखं बजेट, त्यांच्यासारखा कॅमेरा आणि त्यांच्यासारखी हौस असलेली पुष्कळ माणसं या शहरात आहेत. त्यांना सल्ले मिळतात ते लेन्सबद्दल. ती ज्या बॉडीवर बसणार, तिचं नाव सल्ला देणारा विचारतसुद्धा नाही. या खरेदीत शेवटचा निकाल बॉडीनेच दिला.

हातात काय होतं

निकॉन डी५६००, सोबत किटमधल्या दोन लेन्स: १८-५५ आणि एएफ-पी ७०-३०० (आकडे फोकल लेंग्थचे, मिलिमीटरमध्ये; आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं). २४ मेगापिक्सेल, सेन्सर २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, सेकंदाला पाच फ्रेम. टेकडीवर आणि सिंहगड व्हॅलीत जायचं ते अॅक्टिव्हावरून, एकटीने. भिगवणला घरची गाडी. एक गुडघा कुरकुरणारा. आणि मे महिन्यात कुटुंबासह ताडोबाचं बुकिंग झालेलं, म्हणून घाई.

सल्ले येऊन पडले होतेच. शाळेतल्या एका सहकाऱ्याने सांगितलं, घ्यायची तर थेट ६००ची घ्या. भाच्याचं मत पडलं की डी५६००सारखं डीएसएलआर आता संपलं, मिररलेसवर, म्हणजे आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांवर जा. सोसायटीतल्या एका काकांनी १२५ पट झूमच्या निकॉन पी१०००ने काढलेले चंद्राचे फोटो दाखवले. यजमानांचं म्हणणं वेगळंच, आणि खरं तर सगळ्यांत मुद्द्याचं: "आहे ती लेन्स नीट वापरून झाली का?"

मी ताईंकडे लेन्सची चौकशी केलीच नाही. गेल्या हिवाळ्यातले फोटो मागितले. निवडलेले नकोत, सगळे द्या म्हटलं, मूळ फाइलींसकट.

फोटोंनी काय सांगितलं

पक्ष्यांचे जवळपास सगळे फोटो ३०० मिलिमीटरवर काढलेले होते. म्हणजे लेन्स टोकाला लागत होती हे खरं. पण त्याच फाइलींत दुसरीही गोष्ट दिसत होती. भिगवणचा एक फोटो मी शंभर टक्के मोठा करून त्यांच्यासमोर ठेवला. नदी सुरय जाळ्याच्या बांबूवर उतरतोय. बांबूचं पेर, त्यावर सुकलेलं शेवाळ, जाळ्याची गाठ, सगळं स्वच्छ. पक्ष्याची चोच मात्र दुहेरी, पंखांची टोकं पुसल्यासारखी. एफ/८ (हे अॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक; आकडा लहान तितकं ते मोठं), आयएसओ २०० (सेन्सरची उजेडाची संवेदना), शटर १/२५० सेकंद.

"ही लेन्स मऊ आहे असं मला सांगितलं होतं," ताई म्हणाल्या.

मऊ, म्हणजे धार नसलेलं चित्र देणारी असती तर बांबूचं पेर असं उमटलं नसतं. लेन्सने आपलं काम केलं होतं, फोकसही त्याच अंतरावर होता. कमी पडलं होतं ते शटर. कुठल्याशा व्हिडिओत एफ/८वर लेन्स सगळ्यांत धारदार असते असं ऐकून त्यांनी एफ/८ कायमचं लावून ठेवलं होतं, आणि ग्रेन येईल या भीतीने आयएसओला हात लावला नव्हता. पहाटेच्या उजेडात या दोन्हींचा भार शटरवर पडतो.

लेन्स बघायला जायच्या आधी त्यांनी महिनाभर एवढंच केलं: अॅपर्चर पूर्ण उघडं, ऑटो आयएसओची कमाल मर्यादा ३२००, बसलेल्या पक्ष्याला शटर किमान १/५००, उडत्याला १/१६००. आणखी एक बारीकशी गोष्ट. या एएफ-पी लेन्सच्या अंगावर व्हीआरचं, म्हणजे हाताचा कंप झेलणाऱ्या सोयीचं बटणच नाही, ते कॅमेऱ्याच्या मेनूतून चालू-बंद होतं. त्यांच्या मेनूत ते बंद होतं. कधी आणि कुणी केलं देव जाणे.

महिन्यानंतर कवडीपाटचे चित्रबलाक, चक्रवाक आणि शेकाटे एकदम सुधारले. जुन्या बांधावरून मुळा-मुठेचा फेस आणि जलपर्णी टाळून फ्रेम लावणं ही वेगळी कसरत, ती तिथे प्रत्येकालाच करावी लागते. पण मोठ्या पक्ष्यांबद्दलची तक्रार बरीचशी मिटली. उरली ती लहान पक्ष्यांची: खंड्या, धोबी, वेडा राघू, सिंहगड व्हॅलीतले माशीमार. ही उरलेली तक्रार मात्र खरी होती आणि तिला पैसेच लागणार होते.

वाघाला किती, खंड्याला किती

विज्ञानाच्या शिक्षिका असल्यामुळे इथे हिशेब मांडणं सोपं गेलं. सेन्सरवर प्राण्याची प्रतिमा किती मोठी पडेल? प्राण्याची लांबी गुणिले फोकल लेंग्थ, भागिले अंतर. एवढंच.

खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण २८ सेंटिमीटर. पंधरा मीटरवर, ३०० मिलिमीटरने, तो सेन्सरवर ५.६ मिलिमीटरचा पडतो. डी५६००च्या सेन्सरवर एका मिलिमीटरमध्ये सुमारे २५५ पिक्सेल मावतात, म्हणजे खंड्याच्या वाट्याला १,४०० पिक्सेलच्या आसपास. ५००ने ते २,३८०च्या जवळ जातात, ६००ने २,८५०च्या. फोन किंवा छोट्या छपाईसाठी १,४०० पुरतात. पिसाची रेघन्‌रेघ दिसायची असेल तर नाही पुरत.

आता ताडोबाचा वाघ. शेपटी सोडून धड धरलं तर अदमासे १.८ मीटर. जिप्सीपासून तीस मीटरवर आडवा उभा राहिला तर ३००ने तो १८ मिलिमीटरचा, म्हणजे साडेतेवीस मिलिमीटरच्या फ्रेमचा तीन चतुर्थांश भाग त्यानेच व्यापला. पंधरा मीटरवर आला तर ३००मध्ये पूर्ण मावणारच नाही. ताडोबात वाघ दिसलाच तर तो रस्त्यावर किंवा पाणवठ्याला दिसण्याची शक्यता जास्त. तिथे ७०-३०० नुसती पुरते असं नाही, झूममुळे ती सोयीचीच पडते. लोक वाघासाठी ६००ची लेन्स घेतात आणि मग वाघाच्या नाकाचे फोटो घेऊन परततात.

या आकड्यांनी घाई संपवली. ताडोबाच्या आत लेन्स यायलाच हवी ही अट गळून पडली. भिगवण, कवडीपाट, सिंहगड व्हॅली आणि कडबनवाडीचं माळरान या चार जागांसाठी लेन्स घ्यायची हे पक्कं झालं. खरेदी पुढच्या पावसाळ्यापर्यंत लांबली तरी चालणार होतं.

साठ हजारांत काय काय येतं

ज्यांची चर्चा लवकर संपली ते पर्याय आधी उरकतो.

ऑनलाइन काही हजारांत मिळणाऱ्या "४२०-८०० सुपर टेलिफोटो" लेन्स: हाताने फोकस, अॅपर्चर एफ/८.३पासून पुढे. झाडावर बसलेल्या घुबडाने दया केली तर ठीक. पी१००० गमतीचा कॅमेरा आहे, पण त्याचा सेन्सर आपल्या साध्या पॉइंट-अँड-शूटएवढा. डी५६०० घरात असताना पहाटेच्या उजेडात तो घेऊन काय करायचं? जुनी ३०० एफ/४ एएफ-एस आणि सोबत १.४चा टेलिकन्व्हर्टर (लांबी १.४ पट करणारा जोड) ही जोडी धारदार मिळते, पण ४२०वरच थांबते आणि त्या जुन्या लेन्सला व्हीआर नाही.

एक सापळा मात्र नीट सांगायला हवा. वापरलेल्या बाजारात निकॉनची जुनी ८०-४०० व्हीआर, डी खुणेची, अधूनमधून मोहक भावाला येते. तिच्यात फोकसची मोटर नाही. ती बॉडीतल्या मोटरवर चालते. डी३०००, डी५००० मालिकेतल्या कुठल्याच कॅमेऱ्यात ती मोटर नसते. डी५६००वर ही लेन्स बसते, फोटोही येतो, पण फोकस हाताने. विकणाऱ्याकडे ती मोटर असलेला डी७२०० असेल तर तो खोटं न बोलताही तुम्हाला फसवू शकतो. लेन्समध्येच मोटर असल्याची खूण, म्हणजे निकॉनच्या नावात एएफ-एस किंवा एएफ-पी, सिग्मात एचएसएम, टॅमरॉनमध्ये यूएसडी बघूनच पुढे बोलावं.

मिररलेसचा मुद्दा भाच्याने उगाच काढला नव्हता. कॅननची आरएफ १००-४०० फक्त ६३५ ग्रॅमची आहे, टेकडीवर दिवसभर गळ्यात राहील, आणि नव्या बॉडी पक्ष्याचा डोळा स्वतः शोधतात. ताईंकडे काहीच नसतं तर मी तिकडेच बोट दाखवलं असतं. पण बॉडी धरून हिशेब लाखाच्या घरात जात होता, आणि ४००वर ती लेन्स एफ/८ असते. सिंहगड व्हॅलीच्या सावलीत एफ/८ म्हणजे एफ/५.६च्या निम्मा उजेड.

उरल्या त्या तीन: निकॉनची २००-५०० एफ/५.६, सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी आणि टॅमरॉनची १५०-६००. नव्या तिन्ही बजेटबाहेर, वापरलेल्या तिन्ही बजेटच्या काठावर. निकॉन आणि सिग्मा २०१५च्या. टॅमरॉनची पहिली आवृत्ती त्यांच्या आधीची, दुसरी जी२ ही २०१६ची. वजनं साधारण अशी: निकॉन २.३ किलो, सिग्मा १.९३, टॅमरॉन जी२ दोन किलो. तिघींचं फिल्टरचं माप एकच, ९५ मिलिमीटर, आणि त्यामागे कारण आहे. ६००ला ६.३ने भागलं की ९५ येतात. पुढची काच तेवढी रुंद नसेल तर ६००ला एफ/६.३ मिळणं शक्यच नाही. बाजारात कुणी हातभर लांब पण वाटीएवढ्या तोंडाची "६०० एफ/५.६" दाखवली तर भागाकार करून बघा, पुढचं बोलणं वाचेल.

"६.३ म्हणजे फार अंधारी" असं ताईंना तिघाचौघांनी सांगितलं होतं. गंमत अशी की त्यांची जुनी ७०-३०० टोकाला ६.३च होती. आणि ५.६ ते ६.३ हा फरक फक्त एक तृतीयांश स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड). ज्या उजेडात त्या आजवर काम करत होत्या, त्याच उजेडात दुप्पट लांबी मिळणार होती.

वजनाची काळजी जास्त रास्त होती. पण टेकडीवर जुनी ७०-३००च न्यायची, ४१५ ग्रॅमची, असं ठरल्यावर तीही मावळली. मोठी लेन्स गाडीने, नावेतून आणि बसून करायच्या कामाला. दोन लेन्स, दोन कामं. सल्ला देणारे बहुतेक जण जुनी विकून नवी घ्या म्हणतात. ही जुनी विकून हाती येणार ते किती, आणि टेकडीवर नवरंग दिसला तेव्हा गळ्यात काय असणार?

भाड्याच्या लेन्सने दोन सकाळी

पुण्यात लेन्स भाड्याने मिळतात. अनामत आणि ओळखपत्र द्यावं लागतं. शनिवार-रविवारसाठी सिग्मा १५०-६०० आणली. पहिल्या दिवशी भिगवण.

उजनीचं धरण भीमेवर, सोलापूर जिल्ह्यात. त्याचं मागे पसरलेलं पाणी इंदापूर तालुक्यात भिगवणपर्यंत येतं. कुंभारगावातून मच्छीमारांच्या नावा निघतात. नावेत तिपाई म्हणजे निव्वळ ओझं: पाणी हलतं, नाव हलते, सोबतचा माणूस उठला की सगळंच हलतं. उपयोगी पडली ती कापडी पिशवी, आत तांदूळ भरलेला. नावेच्या काठावर पिशवी, पिशवीवर लेन्स. नावाड्याला आधीच सांगून ठेवलं होतं की फ्लेमिंगोंच्या थव्यात नाव घालायची नाही. उडवलेल्या थव्याचा फोटो हवा असणारी मंडळी तिथे असतात, आणि त्यांच्या नावा गेल्यावर उरलेल्यांना रिकामं पाणी मिळतं. आम्ही लांबच थांबलो. साठ मीटरवर उभा फ्लेमिंगो ६००ने फ्रेमच्या उंचीचा तीन चतुर्थांश भरत होता, लेन्सला त्याहून जवळ जायची गरजही नव्हती.

उडत्या पक्ष्यांवर मात्र अडचण दिसली. ऑस्प्रे मासा घेऊन समोरून गेला आणि लेन्स आधी जवळ, मग लांब, मग परत जवळ अशी फोकस शोधत राहिली. डी५६००ला ३९ फोकस बिंदू आहेत, त्यांतले क्रॉस प्रकारचे, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारे, फक्त मधले नऊ. कडेच्या बिंदूंवर भरवसा ठेवला की असं होतं. मधला एकच बिंदू घेतला, लेन्सवरचा लिमिटर, म्हणजे फोकस कुठल्या अंतरांत शोधायचा ते ठरवणारं बटण, दहा मीटरच्या पुढे लावला, आणि पुढच्या घिरटीला जमलं. फ्रेम मधोमध बसली, थोडी कापावी लागली. बिघडलं काही नाही.

दुसऱ्या दिवशी सिंहगड व्हॅली. स्वर्गीय नर्तक पाण्यावर यायची वाट बघत ओढ्याकाठी बसलो. झाडीखाली साडेसातला १/२०० आणि आयएसओ ३२००. ६००ला एफ/६.३वर चित्र किंचित नरम, ५००वर आणल्यावर बरं. एफ/८ करायला उजेड परवडत नव्हता. इथे निकॉनच्या २००-५००चं पारडं जड झालं: पूर्ण उघड्या ५.६वरही ती नीट वापरता येते, ही तिची ख्याती. ६००ची हाव सोडली तर ५०० आणि ६००मध्ये फरक वीस टक्क्यांचा. ताईंचं मन तिकडे झुकलं. माझंही.

वापरलेली लेन्स बघायला जाताना

पहिली २००-५०० चिंचवडला. बाहेरून नव्यासारखी, बिल आणि खोका सोबत, भाव छप्पन्न हजार. मागचं झाकण काढून अॅपर्चर उघडं ठेवलं आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पुढच्या काचेतून बघितलं. मधल्या एका काचेच्या कडेला बारीक पांढरे धागे, एका ठिपक्यातून फुटलेले. बुरशी. धूळ असती तर चाललं असतं, कणभर धूळ प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असते आणि फोटोत दिसत नाही. बुरशी वाढते, काचेवरचा लेप खाते, आणि साफ करायला लेन्स उघडावी लागते. मालक भला माणूस होता, त्याला ठाऊकही नव्हतं. चार पावसाळे लेन्स बॅगेत, बॅग कपाटात, कपाट बाहेरच्या भिंतीला लागून. पुण्यातल्या बुरशीची सगळी कहाणी एवढीच असते.

दुसरी बाणेरला. काचा स्वच्छ, तिपाईवर बसवायची कॉलर घट्ट, व्हीआर चालू केल्यावर व्ह्यूफाइंडरमधलं चित्र थबकत होतं, झूमची रिंग कुठे अडकत नव्हती. चौपन्न हजारांवर बोलणं आलं. पैसे द्यायच्या आधी एक चाचणी बाकी होती आणि तिच्यासाठी आम्ही ताईंची स्वतःची बॉडी आणि माझी तिपाई घेऊन गेलो होतो.

लेन्सच्या मालकांच्या पार्किंगमध्ये तांदळाचं रिकामं पोतं खांबाला बांधलं, छपाईची बाजू आमच्याकडे. बारा मीटरवरून ५००ला, व्हीआर बंद करून, आधी लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून, फोटो घेतले. लाइव्ह व्ह्यूमध्ये कॅमेरा सेन्सरवरचंच चित्र बघून फोकस लावतो, त्यामुळे तो सावकाश लागतो पण चुकत नाही. मग व्ह्यूफाइंडरमधून, तिथे फोकसचं मोजमाप वेगळ्या सेन्सरवर होतं. प्रत्येक वेळी फोकस मुद्दाम बिघडवून पुन्हा लावायचा. लाइव्ह व्ह्यूतल्या फोटोंत पोत्याचा विणलेला धागा मोजता येत होता. व्ह्यूफाइंडरमधल्या प्रत्येक फोटोत अक्षरं थोडी फुगलेली, आणि मागच्या खांबाचं प्लास्टर जास्त स्पष्ट. सातत्याने मागे फोकस.

"माझ्या डी७५००वर तर उत्तम येते," मालक म्हणाले. त्यांनी दाखवलेही फोटो, अगदी उत्तम. डी७५००मध्ये एएफ फाइन ट्यून आहे, म्हणजे लेन्सची फोकसमधली ठरलेली चूक मेनूत आकडा भरून सुधारायची सोय. त्यांनी तिथे या लेन्ससाठी आकडा भरून ठेवला होता आणि विसरून गेले होते. डी५६००च्या मेनूत ती सोयच नाही. निकॉनने ती त्याच्या वरच्या मालिकांना दिली, डी३००० आणि डी५०००ला दिली नाही. म्हणजे निर्दोष लेन्स, निर्दोष कॅमेरा, आणि दोघांची जोडी बिघडलेली. सर्व्हिस सेंटरला दोन्ही देऊन जुळवून घेता येतं, पण साठ हजारांच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाने तो खर्च आणि ती अनिश्चितता का घ्यावी?

ताई गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "म्हणजे मी स्थळ बघायला एकटीच गेले असते तर पत्रिका न बघता हो म्हणून आले असते."

इथून सिग्मा पुन्हा पुढे आली, आणि या वेळी कारण पक्कं होतं. सिग्माच्या त्या पिढीतल्या लेन्स यूएसबी डॉकवर बसवून संगणकाला जोडता येतात आणि फोकसची दुरुस्ती लेन्समध्येच लिहिता येते. १५०-६००ला चार फोकल लेंग्थ आणि प्रत्येकीला चार अंतरं, एकूण सोळा जागी. बॉडीत सोय नसली तरी चालतं. टॅमरॉनच्या जी२लाही तसंच साधन आहे, पहिल्या आवृत्तीला नाही. स्वस्तात दिसणाऱ्या बहुतेक टॅमरॉन पहिल्या आवृत्तीच्या असतात. ज्याच्या बॉडीत फाइन ट्यून आहे त्याला मी अजूनही २००-५००च सुचवीन. डी३५००, डी५३००, डी५६००वाल्याने मात्र निवड करताना हा मुद्दा सगळ्यांत वर ठेवावा, धारेच्या तुलनेच्याही वर.

सहकारनगरला एक सिग्मा मिळाली, डॉकसकट. भाव पंचावन्न, बावन्नला तुटला. पुढच्या काचेवर नखाएवढा ओरखडा होता, त्यावर तीन हजार उतरले. तसा ओरखडा फोटोत उमटत नाही, मागच्या काचेवर असता तर घेऊ दिली नसती. पोत्याची चाचणी इथेही केली. ही पुढे फोकस करत होती, ६००ला जास्त, ३००ला जवळजवळ नाही. म्हणजे बाणेरच्या लेन्ससारखीच चुकत होती, फक्त उलट्या दिशेने, पण हिची चूक आपल्या हातात होती. एका रविवारी सोसायटीच्या गच्चीवर बसून ती सोळा घरं भरली. किचकट काम आहे, कंटाळा येतो, आणि जवळच्या अंतराची घरं भरताना पाठ मोडते. सगळी भरायची गरजही नसते. ४०० आणि ६००ची आठ नीट जमली की पक्ष्यांचं काम भागतं.

नंतर

उरलेल्या आठ हजारांतून हवाबंद प्लास्टिकचा मोठा डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक आला. डब्यातली आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांत ठेवायची, जेलचा रंग बदलला की वाळवायचं. एक वापरलेला मोनोपॉड, म्हणजे एका पायाचा टेकू, आला. तांदळाची पिशवी घरचीच.

ताडोबाला ताईंनी दोन्ही लेन्स नेल्या. वाघीण रस्ता ओलांडताना गळ्यात ७०-३०० होती आणि फोटो तिनेच काढला. सिग्मा पाणवठ्यावरच्या पक्ष्यांना लागली.

कडबनवाडीने मात्र दोन्ही लेन्सना हात टेकायला लावले. वनविभागाच्या गवताळ सफारीत लांडगा दिसला तो उन्हं वर आल्यावर, दीडेकशे मीटरवर. ६००ला, १/१२५०ला, फोकस बरोबर, आणि तरी फोटोत लांडग्याच्या कडा पाण्यात बघितल्यासारख्या हललेल्या. ताईंनी तो फोटो मला पाठवून विचारलं की डॉकमध्ये काही चुकलं का? काही चुकलं नव्हतं. तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा उजेड वाकडातिकडा करते. जितकं अंतर जास्त आणि लेन्स लांब, तितकं ते ठळक दिसतं. पाच लाखांच्या लेन्सलाही हेच दिसलं असतं. माळरानावर सूर्य वर आल्यानंतर शंभर मीटरच्या पुढचं फक्त डोळ्यांनी बघावं, आणि चिंकारे व खोकड जवळ असतील तर त्यांच्यावर कार्डातली जागा खर्च करावी. तिथला त्यांचा चांगला फोटो धाविक या पक्ष्याचा आहे, उजाडता उजाडता घेतलेला, गाडीच्या खिडकीवर पिशवी ठेवून.

आता विषय बॉडीचा निघालाय. वापरलेल्या डी७५००चे भाव उतरलेत, तिच्यात ५१ फोकस बिंदू आहेत, सेकंदाला आठ फ्रेम आहेत, आणि फाइन ट्यूनही आहे. मी तूर्त थांबा म्हटलंय. घेतली तर डॉकवरून लेन्समध्ये भरलेले ते सगळे आकडे शून्यावर आणून पोतं पुन्हा खांबाला बांधावं लागेल, कारण ते आकडे या सिग्माचे आणि या डी५६००चे मिळून आहेत, एकट्या सिग्माचे नाहीत.